पन्नासावा दिवस आणि ज्याची-त्याची बोली



नाताळ कधी येतो हे आपल्या कॉलेजात कुणालाही विचारा, ख्रिस्ती असो वा नसो, लगेच सांगेल. गुड फ्रायडे सुट्टीमुळे माहीत असतो. पण पेंटेकॉस्ट कधी असतो आणि कशाचा असतो असं विचारलं, तर ख्रिस्ती घरातली मुलंसुद्धा जरा अडखळतात. त्यात त्यांची फारशी चूक नाही. ईस्टरचा रविवार धरून मोजलं की पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पुन्हा रविवारीच, हा सण येतो. २०२४ साली तो १९ मे रोजी होता, २०२५ साली ८ जूनला, आणि २०२६ साली तो २४ मे रोजी येतो. म्हणजे कॉलेज बंद, वसतिगृह रिकामं आणि बेळगावच्या आभाळात पावसाचे ढग. ना केक, ना चांदणी, ना सुट्टी. सण येतो आणि निघून जातो.

तरीही मंडळाच्या अभ्यासवर्गासाठी मी हा विषय घेतला, त्याला एक कारण आहे. आणि ते कारण मला फारसं शोभा देणारं नाही.

आपल्या वाचनाच्या एका बैठकीत खानापूरकडच्या एका विद्यार्थिनीने नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचला. वाचून झाल्यावर तिने तो आपल्या शब्दांत सांगायचा होता. ती सांगू लागली, "ती समदी एकाच जाग्याव बसलीती. अन् एकदम मोठं वारं सुटल्यागत आवाज झाला बघा, सगळं घर भरून गेलं." पुढच्या बाकावर कुणीतरी हसलं. मग दुसरं हसलं. मी शिक्षक, मी थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही, उलट माझ्याही चेहऱ्यावर हसू आलं, आणि ते तिनं बघितलं. त्यानंतरही ती बैठकांना येत राहिली, पण वाचायला उभी राहिली नाही.

घरी जाऊन मी तोच अध्याय पुन्हा काढला आणि वरमलो. आम्ही ज्या गोष्टीला हसलो होतो, तीच त्या अध्यायाचा गाभा आहे. ते कसं, हे आपण आज पायरीपायरीने बघू.

१. हे नाव आलं कुठून?

'पेंतेकोस्ते' हा ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'पन्नासावा' एवढाच. त्यातला 'पेंते' आणि आपला 'पंच' हे एकाच भाषाकुळातले भाऊ. मराठी बायबलमध्येही हा 'पन्नासावा दिवस' म्हणून ओळखला जातो.

हा सण ख्रिस्ती लोकांनी नव्याने काढलेला नाही. तो मुळात यहूदी लोकांचा सुगीचा सण. हिब्रूत त्याला 'शावुओत' म्हणतात, म्हणजे सप्ताहांचा सण. वल्हांडणाच्या दिवसांत जवाच्या नव्या पिकाची पहिली पेंढी देवाला अर्पण करायची, तिथून सात आठवडे मोजायचे, आणि पन्नासाव्या दिवशी गव्हाच्या सुगीचा आनंद करायचा. लेवीय या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात त्याचे नियम आहेत. त्यातले दोन ध्यानात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला असा की या दिवशी नव्या गव्हाच्या पिठाच्या दोन भाकरी अर्पण करायच्या, आणि त्या खमीर घालून भाजलेल्या असाव्यात. वल्हांडणाची भाकरी बेखमीर असते, कारण ती मिसर देशातून घाईघाईने निघताना खाल्लेली भाकरी. ही मात्र घरात रोज होते तशी, फुगलेली.

दुसरा नियम त्याहून बोलका आहे. पीक कापताना शेताच्या कडा पार कापून घेऊ नका आणि खाली पडलेला सरवा वेचू नका. तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. 'सरवा' हा शब्द आपल्यापैकी शेतकरी घरातल्यांना समजावून सांगायला नको. अनुवाद या पुस्तकात याच सणाबद्दल आणखी सांगितलं आहे की आनंद एकट्याने करायचा नाही. दास, दासी, परका, पोरका आणि विधवा या सगळ्यांना त्यात धरायचं. यहूदी लोक या सणाला रूथचं पुस्तक वाचतात, तेही याच अर्थाने. रूथ ही परदेशी, विधवा आणि सरवा वेचणारी स्त्री.

'परका' आणि 'विधवा' हे दोन शब्द मनात ठेवा. ते पुढे परत येणार आहेत.

काळाच्या ओघात या सणाला दुसरा अर्थ जोडला गेला. सीनाय पर्वतावर मोशेला नियमशास्त्र मिळालं, त्याची ही आठवण. निर्गम या पुस्तकात त्या प्रसंगी मेघगर्जना, धूर आणि अग्नी यांचं वर्णन आहे. यहूदी परंपरेत असंही म्हटलं आहे की सीनायवर निघालेला देवाचा प्रत्येक शब्द सत्तर भाषांत विभागला गेला, म्हणजे जगातल्या सगळ्या राष्ट्रांना पोचेल असा. वारा, अग्नी आणि अनेक भाषा हे सगळं पन्नासाव्या दिवसाच्या परिसरात होतंच. पुढची घटना वाचताना ही पार्श्वभूमी माहीत असली की बरंच उलगडतं.

२. त्या सकाळी काय घडलं?

लूकच्या सांगण्याप्रमाणे येशूच्या पुनरुत्थानानंतर चाळीस दिवसांनी त्याचं स्वर्गारोहण झालं. यरुशलेम सोडू नका, वाट बघा, असं तो शिष्यांना सांगून गेला. मग बाया आणि पुरुष, येशूची आई मरिया, सगळे एकत्र प्रार्थना करत राहिले. त्या दिवसांत जमलेल्यांची संख्या सुमारे एकशेवीस दिली आहे. आपल्याकडे कॅथलिक घरांत नोव्हेना करतात ना, त्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचं मूळ स्वर्गारोहण आणि पेंटेकॉस्ट यांच्यामधल्या याच दिवसांत आहे असं मानलं जातं.

पन्नासाव्या दिवशी सकाळी वाऱ्यासारखा नाद झाला, घर भरून गेलं, अग्नीच्या जिभांसारखं काही प्रत्येकावर उतरलं आणि ते सगळे निरनिराळ्या भाषांत बोलू लागले.

मराठीच्या विद्यार्थ्यांनी इथे दोन शब्दांपाशी थांबायला हवं. हिब्रूतला 'रूआख' आणि ग्रीकमधला 'प्नेउमा' या दोन्ही शब्दांचे अर्थ तीन: वारा, श्वास आणि आत्मा. मराठीत भाषांतर करताना तिघांपैकी एकच निवडावा लागतो. पण मूळ वाचकाला 'पवित्र आत्मा' म्हटलं की वाऱ्याची झुळूक आणि नाकातला श्वासही जाणवत असे. आपल्या 'प्राण' या शब्दात तसं काहीतरी शिल्लक आहे. दुसरा शब्द 'ग्लोस्सा'. त्याचा अर्थ तोंडातली जीभ, आणि भाषासुद्धा. त्यामुळे 'अग्नीच्या जिभा' आणि 'अन्य भाषा' या दोन ठिकाणी मुळात शब्द एकच आहे. मराठीत तो खेळ निसटतो.

आवाज ऐकून गर्दी जमली. सणासाठी देशोदेशींचे यहूदी यरुशलेमेत आलेले होते. लूक त्यांची लांबलचक यादी देतो: पार्थी, मेदी, एलामी, मेसोपोटेम्यात राहणारे, यहूदीया, कप्पदुकिया, पंत, आसिया, फ्रुगिया, पंफुलिया, मिसर, कुरेनेजवळचा लिबुवा, रोमहून आलेले, क्रेतीय आणि अरब. चर्चमध्ये हे वाचन ज्याच्या वाट्याला येतं त्याची या नावांवर दातखीळ बसते. पण यादी नीट बघा. तिची सुरुवात पार्थी लोकांपासून आहे, आणि पुढे रोमहून आलेलेही आहेत. पार्थिया आणि रोम ही त्या काळची दोन वैरी साम्राज्यं. ख्रिस्तपूर्व ५३ मध्ये कार्‍हे इथे पार्थी सैन्याने रोमन सैन्याचा धुव्वा उडवला होता. त्या दोन्ही मुलखांतून आलेली माणसं इथे एकाच गर्दीत, एकाच सकाळी, एकच गोष्ट ऐकत उभी आहेत.

काहींनी टिंगल केली, हे प्यायलेत म्हणून. त्यावर पेत्र उभा राहिला आणि म्हणाला की बाबांनो, अजून सकाळचे नऊच वाजलेत. मग त्याने योएल संदेष्ट्याच्या भविष्यवाणीचा दाखला दिला: देवाचा आत्मा मुलांवर आणि मुलींवर, तरुणांवर आणि म्हाताऱ्यांवर, दास आणि दासींवरसुद्धा ओतला जाईल. त्या दिवशी सुमारे तीन हजार लोकांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणून पेंटेकॉस्टला ख्रिस्तसभेचा वाढदिवस म्हणतात.

३. ग्रीक पुरली असती

आता खरा प्रश्न. या चमत्काराची गरज होती का?

जरा व्यवहारी डोक्याने विचार करा. जमलेले बहुतेक लोक यहूदी किंवा यहूदी धर्म स्वीकारलेले. रोमन साम्राज्याच्या पूर्व भागातून आलेल्यांना ग्रीक समजत होती. मेसोपोटेम्याकडून आलेल्यांना अरामी समजत होती. बाजारात, वाटेवर, मंदिराच्या आवारात या दोन भाषांवर सगळ्यांचं काम भागत होतं. निरोपच पोचवायचा होता तर ग्रीक आणि अरामी पुरली असती. पेत्राने पुढे जे भाषण केलं, ते तरी त्याने पंधरा भाषांत केलं असं लूक कुठे म्हणत नाही.

मग वाऱ्याने आणि अग्नीने हा खटाटोप कशासाठी केला?

उत्तर लूकच्या शब्दांत आहे. ते लोक काय बोलले? आम्हाला कळलं, एवढंच ते म्हणाले नाहीत. आपण ज्या भाषेत जन्मलो त्या आपापल्या भाषेत हे ऐकतोय, याचं त्यांना नवल वाटलं. आणि इथे लूक 'ग्लोस्सा' सोडून दुसरा शब्द वापरतो, 'दिआलेक्तोस'. त्याला मराठीत अगदी नेमका शब्द आहे: बोली. आईच्या कडेवर असताना कानावर पडलेली, गल्लीत खेळताना तोंडात बसलेली.

कामाची भाषा आणि बोली यांतला फरक आपल्या शहरात कुणाला कळणार नाही? आजीला घेऊन दवाखान्यात जा. डॉक्टर इंग्लिशमध्ये सांगतात, आपण मान डोलावतो, घरी येऊन तिला सांगतो. काम होतं. पण त्याच डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढून तिच्याच बोलीत विचारलं, "काय होतंय गं आज्जे?" तर आजी निम्मी तिथेच बरी होते. माहिती तीच असते. फरक एवढाच की पहिल्या वेळी आजी फक्त रोगी होती, दुसऱ्या वेळी ती कुणाची तरी आजी झाली.

पेंटेकॉस्टला नेमकं हेच घडलं, असं मला वाटतं. माझ्याकडे यायचं तर आधी तुझी बोली दाराबाहेर ठेव, असं देवाने कुणाला म्हटलं नाही. उंबरा ओलांडला तो त्याने. आणि तो ओलांडला कुणाच्या तोंडून? गर्दीतला दुसरा प्रश्न वाचा. हे बोलणारे सगळे गालीलकर ना? असं ते विचारतात, आणि त्यात कौतुक नाही. गालीलकरांच्या उच्चारांची यरुशलेमेत थट्टा होत असे. यहूदी ग्रंथ तालमूदमध्ये तसा एक किस्सा आहे. एक गालीलकर बाजारात काहीतरी मागतो, आणि त्याच्या उच्चारांवरून ऐकणाऱ्यांना कळेना की याला बसायला गाढव हवंय, प्यायला द्राक्षारस हवाय, अंगावर घ्यायला लोकर हवी की कापायला कोकरू. 'अरे गालीलकरा, नक्की काय पाहिजे?' या धर्तीचा तो विनोद आहे.

आणि पेत्र आठवा. येशूला पकडलं त्या रात्री तो अंगणात शेकत उभा होता, आपली ओळख लपवत. तेव्हा मत्तयाच्या सांगण्यानुसार लोकांनी त्याला कशावरून ओळखलं? त्याच्या बोलण्यावरून. त्याच्या बोलीने त्याला उघडं पाडलं आणि तो रडत बाहेर गेला. त्यानंतर दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. तोच पेत्र, त्याच शहरात, तोच हेल घेऊन उभा राहिला आणि मोठ्याने बोलला. आत्म्याने त्याचे उच्चार सुधारले असं कुठेही लिहिलेलं नाही. त्याची भीती गेली, एवढंच दिसतं.

४. बाबेल उलटं झालं का?

प्रवचनांत एक वाक्य हमखास येतं: बाबेलात भाषांचा गोंधळ झाला, पेंटेकॉस्टला तो मिटला. हे अर्धंच खरं आहे.

उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायात सगळ्या माणसांची भाषा एक होती, आणि ती सगळी मिळून आकाशाला भिडणारा बुरूज बांधायला निघाली, आपलं नाव व्हावं म्हणून. देवाने त्यांच्या भाषेचा गोंधळ केला आणि बांधकाम थांबलं. आता पेंटेकॉस्टला बाबेल सरळ उलटं फिरलं असतं, तर सगळ्यांची पुन्हा एकच भाषा व्हायला हवी होती. तसं झालं नाही. पार्थी पार्थीच राहिला, अरब अरबच राहिला. भाषा पुष्कळच उरल्या. मिटलं ते एकमेकांचं न कळणं. बाबेलात एकी होती ती एकसारखेपणाची. इथे जी एकी दिसते ती एकमेकांना समजून घेण्याची. पहिली हुकमाने आणता येते. दुसरीला वेळ लागतो, कान लागतो, आणि बऱ्याचदा कमीपणाही घ्यावा लागतो.

५. चार अध्यायांनंतर: भाकरीचा प्रश्न

पेंटेकॉस्टचा अभ्यास बहुतेक जण दुसऱ्या अध्यायापाशी संपवतात. मला वाटतं तो सहाव्या अध्यायापर्यंत न्यायला पाहिजे, कारण तिथे परीक्षा आहे.

नव्या मंडळीत सगळं सामाईक होतं. गरजूंना रोज अन्न वाटलं जाई. पण थोड्याच काळात कुरकुर सुरू झाली. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार अशी की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. वाटप करणारे हिब्रू, म्हणजे स्थानिक भाषा बोलणारे. मुद्दाम कुणी केलं असेल असं नाही. आपण ज्यांच्याशी सहज बोलू शकतो त्यांच्याकडे आपलं लक्ष आधी जातं, एवढंच. बघा, पन्नासाव्या दिवसाच्या जुन्या नियमातली विधवा आणि परकी, दोघी एकाच बाईच्या रूपाने दारात उभ्या राहिल्या.

प्रेषितांनी काय केलं? तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही. सात माणसं निवडायला सांगितली आणि वाटपाचं काम त्यांच्या हाती दिलं. त्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती भांडार सोपवलं असं दिसतं. दुसऱ्या अध्यायात सगळ्यांच्या बोलीत देवाची महत्कृत्यं ऐकू आली. सहाव्या अध्यायात प्रश्न आला की त्या बोलीच्या बाईला भाकरी मिळते का. माझ्या मते पेंटेकॉस्ट इथे पुरा होतो.

६. 'अन्य भाषा' आणि कळणं

पेंटेकॉस्ट म्हटलं की आज पुष्कळांना 'अन्य भाषांत बोलणं' आठवतं. पेंटेकॉस्टल मंडळ्यांत आणि १९६७ पासून कॅथलिकांच्या करिष्माई प्रार्थनागटांतही याला मोठं स्थान आहे. इतर मंडळ्या त्याकडे सावधपणे बघतात. त्या वादात मी शिरत नाही. अभ्यास म्हणून फक्त एक भेद दाखवतो. प्रेषितांच्या कृत्यांत ज्या भाषा ऐकू आल्या त्या ऐकणाऱ्यांच्या ओळखीच्या होत्या. दुभाषी लागला नाही. करिंथच्या मंडळीत जे बोलणं चाले ते ऐकणाऱ्यांना कळत नसे; अर्थ सांगणारा लागे. पौल त्या देणगीला नाकारत नाही. पण शेजारी बसलेल्याला काही कळलंच नाही तर तो 'आमेन' कसा म्हणेल, असा साधा प्रश्न तो विचारतो. न कळणाऱ्या दहा हजार शब्दांपेक्षा कळणारे पाच शब्द बरे, असा त्याचा हिशेब. म्हणजे तिथेही कसोटी ऐकणाऱ्याची आहे.

७. आपल्या मुलखातला धडा

हे सगळं दूरच्या यरुशलेमेतलं झालं. पण आपल्याच मुलखात या धड्याची परीक्षा झाली आहे, पास होणंही आणि नापास होणंही.

थॉमस स्टीफन्स हा इंग्लिश येशूसंघी धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला. लोकांना बायबलची कथा सांगायची तर ती त्यांच्या कानाला ओळखीच्या ओवीत सांगायला हवी, हे त्याने ओळखलं. त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल इथे छापलं गेलं. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत, पण भाषा मराठी, आणि तिच्यात कोंकणी शब्दांची पेरणी. परका माणूस दुसऱ्याच्या बोलीचा उंबरा ओलांडतो तो असा. नंतर त्याच गोव्यात, १६८४ साली, पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं की स्थानिक लोकांनी आपली भाषा सोडावी आणि तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावं. दोन्हीकडे क्रूस तोच होता. पण एका ठिकाणी पेंटेकॉस्ट आहे आणि दुसऱ्या ठिकाणी बाबेल.

तिसरं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली आणि विधवा त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या. १९०५ साली तिथे प्रार्थनेची एक लाट उसळली. पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम सांगताना बहुतेक जण लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटचं नाव घेतात, पण ते १९०६ सालचं. केडगावच्या मराठी मुली त्याच्या आदल्या वर्षीच्या. आणि तरीही रमाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. साध्या बायकांना वाचून कळेल असं बायबल हवं म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि अख्ख्या बायबलचं भाषांतर एकहाती केलं. सदनातल्या मुलीच छापखान्यात खिळे जुळवत. १९२२ साली रमाबाई गेल्या; बायबल १९२४ साली बाहेर आलं. प्रार्थनेतला अग्नी आणि छापखान्यातली शाई या दोन्हींमागे त्यांना एकच आत्मा दिसला असावा.

कॅथलिक उपासना लॅटिनमधून लोकभाषेत आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६३ च्या निर्णयाने. आज आपल्या भागात मिस्सा मराठीत, कोंकणीत आणि कन्नडमध्ये होते हे आपल्याला इतकं नेहमीचं वाटतं की त्यासाठी कुणाला झगडावं लागलं असेल हेच आपण विसरतो.

८. मग आज काय?

आपलं मंडळ मराठीचं आहे. मराठी आपल्या शहरात प्रेमाचा विषय आहे आणि भांडणाचाही. आपली भाषा टिकावी, पाटीवर दिसावी, शाळेत शिकवली जावी असं वाटण्यात काही गैर नाही. ज्या भाषेत आपण जन्मलो तिला त्या सकाळी देवाने मान दिला, हे आत्ताच वाचलं. पण तोच अध्याय आपल्याला दुसऱ्या बाजूनेही धरतो. माझ्या बोलीला जो मान मिळाला, तोच शेजारच्या कन्नड मुलाच्या बोलीला मिळाला, आणि तोच खानापूरच्या मुलीच्या बोलीला. प्रमाण मराठीचं शिक्षण मी देतो, पुढेही देईन. परीक्षेत आणि नोकरीत ते लागतं. पण प्रमाण भाषा ही सगळ्यांची मिळून कामाची भाषा आहे. ती येत नाही म्हणून कुणाची बोली हलकी ठरत नाही.

त्या मुलीची मी माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे सर, सवय हाय." ते 'सवय हाय' मला हसण्यापेक्षाही जास्त लागलं. येत्या पेंटेकॉस्टनंतर कॉलेज उघडेल, तेव्हा पहिल्या बैठकीत हाच अध्याय पुन्हा वाचायचा आहे. ती वाचणार का, हे मी तिच्यावर सोडलं आहे. यावेळी ऐकायचं काम आपलं.

चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या घरात, गल्लीत आणि कॉलेजात तुम्ही किती बोली वापरता? त्यांपैकी कोणती बोली कुठे लपवता, आणि का?

२. बाबेलची एकी आणि पेंटेकॉस्टची एकी यांतला फरक तुमच्या रोजच्या जगण्यातल्या एका उदाहरणाने सांगा.

३. सहाव्या अध्यायातल्या विधवांसारखी, भाषा वेगळी म्हणून ज्यांच्याकडे आपलं लक्ष जात नाही अशी माणसं आपल्या कॉलेजात कोण आहेत? वसतिगृहाच्या खानावळीपासून विचार सुरू करा.

४. 'वारा, श्वास, आत्मा' हे तिन्ही अर्थ पोचवणारा शब्द तुमच्या बोलीत आहे का? घरी आजी-आजोबांना विचारून या.

५. मराठी ज्याची मायबोली नाही अशा एका मित्राला पुढच्या बैठकीला बोलवा. त्याने त्याच्या भाषेत चार वाक्यं बोलावीत; ती आपण आधी ऐकू, अर्थ मग विचारू.